खडपातली कालवं आणि रायबोसोमची मोजणी

एखाद्या पेशीत कोणत्या जनुकाचा संदेश किती तयार झाला आहे, हे मोजणे आता अवघड राहिलेले नाही. त्या संदेशावरून प्रथिन खरोखरच बनत आहे की नाही, हे मोजणे मात्र आजही जिकिरीचे आहे, आणि या दोन मोजण्यांत कित्येकदा एवढी तफावत निघते की पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, खडपात वाढणाऱ्या कालवांवर काम करताना ते बनत गेले. त्या कामाची रीत काय होती आणि त्यातून काय हाती लागले, ते इथे सांगते.

मिऱ्यापासून आरे-वारेपर्यंतच्या काळ्या कातळाला जी कालवं चिकटलेली दिसतात, त्यांतली बरीचशी सॅकोस्ट्रिया कुकुलाटा या जातीची आहेत. पिल्लू एकदा कातळाला चिकटले की जन्मभर तिथेच राहते. ऊन वाढले म्हणून सावलीला जाणे त्याला शक्य नसते. शिंपला घट्ट मिटून घेणे आणि पेशीच्या आतला कारभार बदलणे, एवढेच त्याच्या हाती असते. वैशाखात पाणी ओसरल्यावर कातळावर उघडा हात टेकवत नाही, आणि रिकाम्या शिंपल्यात बसवलेला आमचा तापमापक चाळिशीच्या पुढचे आकडे दाखवत असे. अशा तापमानाला प्रथिनांची घडी विस्कटू लागते. ती सावरण्यासाठी पेशी ‘हीट शॉक’ प्रथिने बनवते, त्यांतले एचएसपी-७० हे सर्वांत परिचित. उष्णतेने जनुके अशी जागी होतात याची पहिली खूण फेरुच्चो रितोसा यांना १९६२ साली फळमाशीच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रांवर दिसली होती, आणि ती जनुके कोणती प्रथिने बनवतात हे १९७४ मध्ये आल्फ्रेड तिसिएर यांच्या गटाने दाखवले. कालवांकडे या जनुकांचा साठा विलक्षण मोठा आहे: २०१२ साली पॅसिफिक कालवाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात एचएसपी-७० ची ८८ जनुके आढळली.

या विषयावरच्या बहुतेक अभ्यासांत उन्हात तापलेल्या प्राण्याचा आरएनए काढतात, एचएसपी-७० चा संदेशवाहक आरएनए किती पटींनी वाढला ते मोजतात आणि प्राण्याने प्रथिन बनवून स्वतःचा बचाव केला, असा निष्कर्ष लिहितात. मला त्यातली शेवटची पायरी पटत नव्हती. संदेशवाहक आरएनए ही डीएनएवरून उतरवलेली प्रत आहे. १९६१ मध्ये ब्रेनर, जेकब आणि मेसेल्सन यांनी तिचे अस्तित्व सिद्ध केले. ती वाचून अमिनो आम्ले जोडण्याचे काम रायबोसोम करतो, आणि भयंकर उष्णतेत पेशी हे वाचनच आवरते घेते. मग प्रत वाढली असली तरी ती वाचली जात आहे का, हा प्रश्न शिल्लक राहतोच. त्याचे उत्तर हवे असेल तर आरएनएचा साठा मोजून भागत नाही, कोणत्या प्रतीवर किती रायबोसोम बसले आहेत ते पाहावे लागते.

नमुने कोणत्या दिवशी घ्यायचे, हे ठरवताना इथल्या मच्छीमारांचा हिशेब कामी आला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण भरती दुपारच्या सुमारास येते. आठाची पाऊणपट सहा, म्हणून अष्टमीला भरती सकाळ-संध्याकाळी आणि ओहोटी ऐन दुपारी. उधाणाच्या दिवसांत पाणी खूप खाली जाते, त्यामुळे नमुने गोळा करायला तेच दिवस सोयीचे असतात आणि माहितीचे बरेचसे तक्ते त्याच दिवसांचे असतात. पण त्या दिवसांत सूर्य डोक्यावर असताना कालवं पाण्याखाली सुखात असतात. त्यांचा खरा कस लागतो तो भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटी बेताची असते त्या दिवसांत, जेव्हा खडपाच्या वरच्या अंगाची कालवं सकाळपासून दुपार टळेपर्यंत कोरड्या कातळावर तापत राहतात. आम्ही अष्टमीच्या आसपासचे दिवस धरले. त्याच खडपातली, पण खालच्या अंगाला कायम पाण्यात राहणारी कालवं तुलनेसाठी घेतली.

यापुढचे काम वेगाचे होते. रायबोसोम संदेशावर बसलेले असतात ते सरकते असतात. प्रगत पेशींत एक रायबोसोम सेकंदाला साधारण ५ ते ६ अमिनो आम्ले जोडतो. नमुना हातात घेतल्यापासून गोठवेपर्यंत दोन-तीन मिनिटे गेली तरी आपण उन्हातल्या कालवाची स्थिती न पाहता, सुरीने उघडलेल्या घाबरलेल्या कालवाची स्थिती पाहतो. कवच उघडण्याची आमची गती तेवढी नव्हती. ती त्या खडपात वर्षानुवर्षे कालवं काढणाऱ्या एका मावशींकडे होती. लोखंडी हत्याराचे टोक त्या बिजागरीच्या बाजूला नेमके लावत, मनगटाला एक हिसका देत आणि वरचे कवच बाजूला होई. मी पहिल्यांदा त्यांना विचारले, की उन्हातली आणि पाण्यातली कालवं उघडताना काही फरक जाणवतो का. त्या म्हणाल्या, “उन्हातलं कालव तोंड धरून बसतं बाय, जोर जास्त लागतो. आणि पोटात पाणी कमी असतं त्याच्या.” मिटून घेतलेल्या प्राण्याला बाहेरचा प्राणवायू मिळत नाही, त्यामुळे उष्णतेच्या जोडीला प्राणवायूच्या टंचाईचा ताणही असतो. मावशींचे हे निरीक्षण मी त्याच दिवशी वहीत लिहून घेतले आणि पुढे तुलनेसाठी एक तिसरा गट वाढवला: पाण्यातून काढून सावलीत, ओल्या गोणपाटाखाली तेवढाच वेळ मिटून राहिलेली कालवं.

मावशी कवच उघडत, माझी विद्यार्थिनी कल्ल्यांचा तुकडा कापे आणि मी तो द्रव नायट्रोजनमध्ये टाके. उणे १९६ अंशांना सगळे रायबोसोम होते तिथे थांबतात. कोकणातल्या खेड्यांत द्रव नायट्रोजनचा जार अनोळखी वस्तू नाही; गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो गावोगाव फिरत असतो, आणि आमच्या पांढऱ्या वाफेच्या भांड्याकडे पाहून किनाऱ्यावरच्या लोकांनी गुरांच्या डॉक्टरांची चौकशी केली होती. रायबोसोम थांबवायला सायक्लोहेक्झिमाइड हे रसायनही आहे, आणि पेशी फोडायच्या द्रावणात ते आम्ही घालतच होतो. पण मिटलेल्या शिंपल्यात ते वेळेत पोहोचत नाही, म्हणून खडपावर भरवसा फक्त थंडीवर ठेवला.

आरएनएचा सर्वांत मोठा शत्रू रायबोन्यूक्लिएज हे विकर आहे, आणि ते आपल्या घामात, त्वचेवर, धुळीत सर्वत्र असते. त्यातला एक प्रकार, आरएनेज-ए, उकळूनही नीट मरत नाही; चार डायसल्फाइड बंधांनी त्याची घडी पक्की बांधलेली असते आणि थंड झाल्यावर ते पुन्हा कामाला लागते. दमट हवेत हातमोज्यांच्या आत घाम साठतो आणि मनगटावरून ओघळतो. आम्ही लांब हातमोजे घालत होतो, त्यावर दुसरी जोडी चढवून दर काही नमुन्यांनंतर वरची बदलत होतो, आणि सर्व काचसामान डीईपीसीने (या विकराला निकामी करणाऱ्या रसायनाने) संस्कारित पाण्याने धुऊन उच्च तापमानात भाजून घेत होतो. यात नवे काही नाही. आरएनएवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ते करावे लागते. किनाऱ्यावर ते अधिक कडकपणे पाळावे लागते, एवढेच.

प्रयोगशाळेत दोन वाटा होत्या. एका भागातून एकूण आरएनए काढायचा, दुसऱ्यातून रायबोसोम जसेच्या तसे वेगळे करायचे. पहिल्या वाटेसाठी आम्ही फिनॉल आणि ग्वानिडिनियम थायोसायनेट यांची पद्धत वापरली, जी १९८७ मध्ये चोमचिन्स्की आणि साक्की यांनी प्रसिद्ध केली आणि आज जगभर तयार द्रावणाच्या बाटलीतून मिळते. कालवांच्या ऊतीत ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीचा पिष्टमय पदार्थ, भरपूर असतो, विशेषतः अंडी घालण्याच्या हंगामाआधी, आणि तो आरएनएबरोबरच खाली बसतो. २६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या शोषणाचे गुणोत्तर २ च्या जवळ, म्हणजे उत्तम, पण २६० आणि २३० चे गुणोत्तर पडलेले, अशी लक्षणे दिसू लागली की ग्लायकोजेनचा संशय घ्यावा. लिथियम क्लोराइडने आरएनए पुन्हा खाली बसवला की तो बराचसा निवळतो.

त्यानंतर जे समोर आले ते मला या कामातले सर्वांत मोलाचे वाटते. आरएनए शाबूत आहे का हे तपासणारे यंत्र २८एस (मोठा) आणि १८एस (लहान) या रायबोसोमी आरएनएची दोन शिखरे शोधते. दोन्ही स्पष्ट दिसली तर नमुना चांगला, २८एस खचलेले दिसले तर आरएनए तुटला, असा त्याचा हिशेब असतो आणि त्यावरून ते १ ते १० मध्ये गुण देते. आमच्या प्रत्येक नमुन्यात एकच ठसठशीत शिखर येत होते, १८एसच्या जागी. २८एस जवळजवळ नाहीच. गुण अर्थातच कमी. नमुने पाठवण्याआधी ठराविक गुण मिळालेच पाहिजेत, असा नियम असलेल्या एका सेवा देणाऱ्या प्रयोगशाळेने ते परत केले.

पण खरोखर सडलेला आरएनए असा दिसत नाही. तो वाटेल तिथे तुटतो, त्यामुळे आलेखात बारक्या तुकड्यांचा लांबलचक उतार दिसतो. आमच्या आलेखात तो उतार नव्हता. तळरेषा स्वच्छ होती. मृदुकाय आणि कीटक यांच्यातल्या अनेक जातींमध्ये २८एस आरएनए मुळातच मध्यावर छेदलेला असतो. दोन्ही अर्ध्या भागांना केवळ हायड्रोजन बंध धरून ठेवतात. रायबोसोमच्या कामात त्याने काही अडत नाही. मात्र यंत्रात घालण्यापूर्वी नमुना तापवण्याची जी प्रथा आहे, तिच्यामुळे ते बंध सुटतात, दोन्ही तुकडे वेगळे होतात आणि त्यांचा आकार जवळपास १८एसएवढाच असल्यामुळे तिघेही एकाच शिखरात मिसळतात. पडताळा सोपा होता. एकाच नमुन्याचे दोन भाग केले, एक ७० अंशांना तापवून लगेच बर्फात ठेवला, दुसरा न तापवता तसाच घातला. तापवलेल्यात एक शिखर, न तापवलेल्यात दोन. हा जोडआलेख सोबत पाठवल्यावर नमुने स्वीकारले गेले. माणसाच्या आणि उंदराच्या पेशींवरून बनवलेली मापे कालवाला लावताना आधी कालवाची प्रकृती विचारात घ्यायला हवी, आणि किनाऱ्यावरच्या प्राण्यांवर काम सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आता हा जोडआलेख पहिल्याच आठवड्यात काढायला लावते.

दुसरी वाट रायबोसोमची. एका संदेशावर एकाच वेळी अनेक रायबोसोम चालत असतात, हे १९६३ साली जोनाथन वॉर्नर, पॉल नॉफ आणि अलेक्झांडर रिच यांनी सशाच्या अपक्व रक्तपेशींत दाखवले. हिमोग्लोबिनच्या संदेशावर त्यांना बहुधा पाच-पाच रायबोसोम दिसले. अशा समूहाला पॉलिसोम म्हणतात. जितके रायबोसोम जास्त तितका तो जड, आणि जडपणावरून वेगळे करण्यासाठी अतिवेगवान सेंट्रिफ्यूज लागते. ते पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत वापरायला मिळाले. गोठलेले कल्ले नायट्रोजनच्या जारमध्ये घेऊन साखरप्यावरून आंबा घाट चढायचा, पुढे महामार्गाने पुणे गाठायचे, आणि पोहोचल्याबरोबर जार भरून घ्यायचा.

साखरेचे द्रावण नळीत असे भरायचे की वर १० टक्के, तळाशी ५० टक्के आणि मध्ये सलग चढती घनता राहील. कल्ल्यांची नायट्रोजनमध्येच खलात बारीक पूड करून ती थंड द्रावणात फोडायची. त्या द्रावणात मॅग्नेशियम हवेच, कारण रायबोसोमचे लहान आणि मोठे उपघटक त्याच्या आधाराने एकत्र राहतात. पेशींचा जाड गाळ खाली बसवून वरचे निवळ साखरेच्या थरावर अलगद सोडायचे. हात थरथरला की थर मोडतो. मग ४ अंशांना मिनिटाला ३५,००० फेरे, सुमारे तीन तास. नळीतल्या रायबोसोमवर तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या दीड लाख पटींच्या आसपास ओढ असते. ते तीन तास मी सोबतच्या विद्यार्थ्यांशी जनुकीय संकेताबद्दल बोलण्यात घालवत असे: हरगोविंद खुराना यांनी ठराविक क्रमाचे आरएनए कृत्रिमरीत्या बनवून संकेत कसा उलगडला, ज्यासाठी त्यांना १९६८ चे नोबेल निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासमवेत मिळाले, आणि बडोद्यात शिकलेल्या वेंकटरामन रामकृष्णन यांनी रायबोसोमच्या लहान उपघटकाची रचना अणूंच्या पातळीवर कशी दाखवली. ज्या यंत्रणेचे कोडे सोडवण्यात या दोघांचा एवढा वाटा आहे, तिचा अभ्यास आपल्या खडपातल्या प्राण्यात व्हावा, ही माझी मनापासूनची इच्छा या कामामागे होती.

फेरे थांबल्यावर नळीतले द्रावण वरून खालपर्यंत २५४ नॅनोमीटरच्या प्रकाशासमोरून सरकवतात आणि पडद्यावर रेषा उमटत जाते. आधी सुटे रेणू, मग ४०एस आणि ६०एस म्हणजे सुटे लहान-मोठे उपघटक, त्यानंतर ८०एस म्हणजे एकटा पूर्ण रायबोसोम, आणि पुढे दोन, तीन, चार रायबोसोमच्या पॉलिसोमची उतरती शिखरे. पाण्यातल्या कालवांत ही शेवटची शिखरे ठळक होती. मात्र साखरेच्या तळाशी जे जड जाते ते सगळेच पॉलिसोम असते असे नाही. म्हणून त्याच नमुन्याच्या एका भागात आम्ही ईडीटीए घातले. ते मॅग्नेशियम काढून घेते, आणि मग पॉलिसोम विस्कटून ४०एस व ६०एसचे उपघटक सुटे व्हायला हवेत. तसेच झाले, जड बाजू सपाट झाली आणि हलकी बाजू उंचावली. ही तपासणी केल्याखेरीज पॉलिसोमचा कोणताही आलेख मी मान्य करत नाही.

दुपारच्या उन्हातल्या कालवांचा आलेख शेजारी ठेवला तेव्हा फरक समजावून सांगावा लागला नाही. पॉलिसोमची शिखरे बसली होती आणि ८०एसचे शिखर उंच झाले होते, म्हणजे रायबोसोम होते, पण संदेशावर चढत नव्हते. ताणाखाली पेशी ईआयएफ-२ या आरंभघटकाला फॉस्फेट जोडते आणि नव्या वाचनाची सुरुवातच रोखते, ही यंत्रणा अनेक प्राण्यांत ज्ञात आहे. आमचे चित्र तिच्याशी जुळणारे होते. सावलीत मिटून राहिलेल्या गटातही घट होती, पण उन्हातल्यापेक्षा कमी. तेव्हा ही घट केवळ उष्णतेची नव्हती, हे मावशींच्या सांगण्यामुळे वाढवलेल्या गटातून कळले.

मग नळीतले द्रावण वरून खालपर्यंत ज्या भागांत वेगळे केले होते, त्या प्रत्येक अंशातला आरएनए काढून त्यात कोणता संदेश किती आहे ते मोजले. ॲक्टिन या पेशीतल्या नेहमीच्या प्रथिनाचा संदेश एकूण आरएनएमध्ये जवळपास होता तेवढाच होता, पण तो जड अंशांतून निघून हलक्या अंशांत आला होता: प्रत शाबूत, वाचन बंद. एचएसपी-७० चा संदेश वाढला होता आणि त्याचा एक भाग जड अंशांत टिकूनही होता. परंतु सगळा नाही. वाढलेल्या प्रतींपैकी बराच हिस्सा रायबोसोमविना पडून होता, आणि पाणी परत येऊन काही वेळ गेल्यावर घेतलेल्या कालवांत तो जड अंशांकडे सरकलेला दिसला. फक्त दुपारचा एकूण आरएनए मोजला असता, तर प्रथिन त्याच वेळी भरपूर बनत आहे असे आम्ही लिहिले असते. प्रत्यक्षात त्या प्रतींचा मोठा भाग भरतीनंतर उपयोगात येत होता.

एक शंका उरते. संदेशावर रायबोसोम बसलेले आहेत, याचे दोन अर्थ निघतात: वाचन जोरात चालू आहे, किंवा रायबोसोम वाटेतच अडकले आहेत. पॉलिसोमचा आलेख या दोहोंत फरक करत नाही. त्यासाठी आम्ही प्युरोमायसीन हाती घेतले. त्याचा रेणू अमिनो आम्ल वाहून आणणाऱ्या ट्रान्सफर आरएनएच्या टोकासारखा असल्याने रायबोसोम त्याला वाढत्या साखळीत जोडून घेतो आणि साखळी तिथेच तुटून सुटते. अशा साखळ्या प्रतिपिंडाने ओळखता येतात. वाचन पुढे सरकत नसेल तर अशा साखळ्या सहसा कमी साठतात. कवचाच्या कडेला कानशीने लहानशी खाच पाडून, त्यातून प्युरोमायसीन थेट आत सोडावे लागते, आणि खाच पाडल्यावर कालवाला सावरायला पुरेसा अवधी द्यावा लागतो. उन्हातल्या कालवांच्या कल्ल्यांत खुणावलेल्या साखळ्यांचा पट्टा फिका आला, भरतीनंतरच्या कालवांत तो पुन्हा गडद झाला, आणि एचएसपी-७० चे प्रथिनही त्याच सुमारास वाढलेले आढळले. सध्या हीच तुलना आम्ही पावसाळ्यातल्या कालवांवर करत आहोत, जेव्हा खाडीमुखाजवळच्या खडपात पाण्याचा खारेपणा एकदम उतरतो आणि कालवं उष्णतेऐवजी गोड्या पाण्यामुळे मिटून बसतात.